जपानी आरमाराच्या डब्ल्यू-७ वर्गातील माइनस्वीपर नौका आणि त्यांचा शेवट

तांडेल (धागालेखक)

दुसऱ्या महायुद्धातील जपानी आरमाराचा विषय निघाला की चर्चा यामातो, मुसाशी आणि विमानवाहू नौकांभोवतीच फिरत राहते. १९३७ च्या ज्या तिसऱ्या आरमार-विस्तार योजनेतून यामातो आणि मुसाशी या अजस्र युद्धनौका व शोकाकू आणि झुइकाकू या विमानवाहू नौका बांधल्या गेल्या, त्याच योजनेत जेमतेम ६३० टनांच्या सहा माइनस्वीपर, म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग काढणाऱ्या, नौकांचीही तरतूद होती. त्यांना नावे मिळाली नाहीत, केवळ क्रमांक मिळाले. डब्ल्यू-७ ते डब्ल्यू-१२ या त्या सहा नौका. हा धागा त्यांच्याबद्दल आहे.

सुमारे ७२ मीटर लांबी, २० नॉट वेग, १२० मिलिमीटरच्या तीन तोफा आणि पिछाडीला पाणबुड्यांवर टाकायचे डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारी स्फोटके) असा त्यांचा सरंजाम होता. एवढ्या लहान नौकेवर तीन तोफा चढवण्यामागचा विचार उघड आहे. शत्रूच्या किनाऱ्यालगत, किनाऱ्यावरच्या तोफांच्या माऱ्यात काम करावे लागणार आणि त्या वेळी मदतीला विनाशिका असेलच असे नाही, हे जपानी आरमाराने गृहीत धरले होते.

काम कसे चालते, हे थोडक्यात सांगतो. नौकेच्या पिछाडीकडून एक लांब पोलादी दोर पाण्यात सोडला जातो. दोराच्या टोकाला असलेला पाट पाण्याच्या दाबामुळे पतंगासारखा बाजूला ओढला जातो आणि त्यामुळे दोर तिरका ताणून राहतो. समुद्रतळाशी नांगरलेल्या सुरुंगाची तार या दोराला अडकली की ती घसरत कातरीपर्यंत जाते आणि तुटते. सुटलेला सुरुंग पृष्ठभागावर आला की त्याला बंदुकीच्या गोळ्यांनी फोडतात किंवा बुडवतात. हे सगळे होत असताना नौकेला संथ गतीने, सरळ रेषेत आणि ठरलेल्या अंतराने जावे लागते. दोर पाण्यात असताना ती झटकन वळू शकत नाही. सुरुंग सहसा मोठ्या जहाजांच्या खोलीचा अंदाज घेऊन लावलेले असतात, त्यामुळे अडीच मीटरच्या आसपास पाणी लागणारी ही नौका बहुतेक वेळा त्यांच्यावरून सुखरूप निघून जाते. भरती-ओहोटीचा हिशेब चुकला, की मात्र तसे होत नाही.

आता त्यांचे शेवट पाहू. पहिली गेली ती डब्ल्यू-१०, युद्धाच्या तिसऱ्याच दिवशी. १० डिसेंबर १९४१ रोजी फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर विगान येथे जपानी सैन्य उतरत होते आणि नाका या क्रूझरच्या पथकाबरोबर डब्ल्यू-१० तेथे होती. अमेरिकी हवाई दलाच्या ३४ व्या पर्स्यूट स्क्वाड्रनची पी-३५ विमाने त्यांच्यावर तुटून पडली. ही विमाने मुळात स्वीडनसाठी बांधलेली, जुनाट आणि कमकुवत होती. त्यांच्याकडे या कामासाठी मशीनगनपलीकडे काहीच नव्हते. स्क्वाड्रनचा प्रमुख लेफ्टनंट सॅम्युएल मॅरेट याने अगदी खाली येऊन नौकेवर गोळीबार केला आणि तो तिच्यावरून जात असतानाच तिचा प्रचंड स्फोट झाला. त्या स्फोटात त्याच्या विमानाचा पंख तुटला आणि तोही तेथेच ठार झाला. मशीनगनच्या गोळ्यांनी ६३० टनांची नौका बुडणे ही अतिशयोक्ती वाटेल, परंतु डेकवर उघड्यावर रचलेले डेप्थ चार्ज डोळ्यांसमोर आणले की ते पटते. त्याच दिवशी त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, अपारी येथे, पुढच्या वर्गातील कोरी करकरीत डब्ल्यू-१९ ही नौकाही बॉम्बहल्ल्यात कायमची निकामी झाली.

सुरुंगाने बुडालेली या वर्गातील एकमेव नौका म्हणजे डब्ल्यू-९. २ फेब्रुवारी १९४२ रोजी मोलुक्का बेटांतील अंबोनच्या उपसागरात सुरुंग काढण्याचे काम चालू असताना, खाउडन लेउव या डच नौकेने आधीच पेरून ठेवलेल्या सुरुंगांपैकी एकावर ती गेली. त्याच दिवशी तेथेच डब्ल्यू-११ आणि डब्ल्यू-१२ यांनाही इजा झाली. एका दिवसात, एकाच खाडीत, निम्मा वर्ग जायबंदी झाला. मला या सहा नौकांच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका दिवस वाटतो, कारण ज्या कामासाठी त्या बांधल्या होत्या ते काम त्या त्या दिवशी खरोखर करत होत्या.

त्यानंतर सव्वादोन वर्षे या वर्गातील एकही नौका बुडाली नाही. त्या काळात त्या मुख्यतः ताफ्यांना संरक्षण देत फिरत राहिल्या. मग डब्ल्यू-७ गेली, आणि तीही आपल्या अंदमानात. १५ एप्रिल १९४४ रोजी पोर्ट ब्लेअरच्या जवळ ब्रिटिश पाणबुडी स्टॉर्म हिने तिला पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडवले. स्टॉर्मचा कप्तान एडवर्ड यंग हा राखीव दलातला अधिकारी होता. युद्धापूर्वी तो प्रकाशन व्यवसायात होता आणि पेंग्विन प्रकाशनाचे ते जगप्रसिद्ध पेंग्विन-चिन्ह प्रथम त्यानेच रेखाटले होते. ब्रिटिश पाणबुडीचे नेतृत्व मिळालेला तो राखीव स्वयंसेवक दलातला पहिला अधिकारी मानला जातो.

उरलेल्यांचे थोडक्यात: डब्ल्यू-११ ही २८ मार्च १९४५ रोजी मकासर परिसरात हवाई हल्ल्यात, तर डब्ल्यू-१२ ही ६ एप्रिल १९४५ रोजी सुंबावाच्या बाजूला अमेरिकी पाणबुडी बेसूगो हिच्या पाणतीराने बुडाली. डब्ल्यू-८ एवढीच शरणागतीपर्यंत तरंगत राहिली आणि १९४६ मध्ये ब्रिटिशांनी ती खोल पाण्यात नेऊन बुडवली.

माझे म्हणणे असे की, या सहा नौका सुरुंगांसाठी बांधल्या गेल्या, पण जपानने त्यांना वापरले ते प्रत्येक नव्या बंदराचा दरवाजा ढकलणारी पहिली नौका म्हणून, आणि पुढे विनाशिकांचा तुटवडा पडल्यावर स्वस्तातली विनाशिका म्हणून. त्यांचे शेवट या दोन भूमिकांप्रमाणेच झाले. जाणकारांनी भर घालावी.

कोयनाकाठ

लेख आवडला. एक साधी शंका आहे. डब्ल्यू-१३ वर्गातील नौका १९३३-३४ मध्ये पाण्यात आल्या असे वाचल्याचे आठवते. मग डब्ल्यू-७ ही १९३८ ची कशी? क्रमांक उलटे कसे धावले?

तांडेल

शंका रास्त आहे. डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-६ हा विसाच्या दशकातील वर्ग. त्यानंतर बांधलेल्या नौकांना १३ पासून पुढचे क्रमांक दिले गेले आणि ७ ते १२ हे क्रमांक १९३८-३९ मध्ये या वर्गाला मिळाले. त्यामुळे क्रमांकावरून वय ठरवू गेले की फसगत होते.

मधल्या काळात एक महत्त्वाची घटना घडली होती. मार्च १९३४ मध्ये तोमोझुरू ही जपानी टॉर्पेडो बोट सासेबोजवळ वादळी समुद्रात उलटली आणि तिच्यावरील बहुतेक सगळे खलाशी मृत्युमुखी पडले. चौकशीत दिसले की लहान नौकेवर जास्तीत जास्त शस्त्रे लादण्याच्या हव्यासापायी ती वरच्या बाजूने जड झाली होती. डब्ल्यू-१३ वर्गावरही हाच दोष होता आणि त्या नौकांमध्ये फेरफार करावे लागले. डब्ल्यू-७ वर्ग आखताना हा धडा हाताशी होता. या सहांपैकी एकही नौका लाटांनी उलटून गेली नाही, ही गोष्ट यादीत दिसत नाही म्हणून सांगून ठेवतो.

होकायंत्र

अंबोनचा उल्लेख आला आहे, तर ताराकानचाही व्हायला हवा. वर्ग वेगळा असला तरी गोष्ट तीच आहे, किंबहुना अधिक भयंकर आहे.

बोर्निओच्या पूर्व किनाऱ्यालगतचे ताराकान हे बेट तेलविहिरींसाठी प्रसिद्ध होते. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी तेथे उतरले. त्या रात्री प्रिन्स व्हान ओरान्ये या डच सुरुंगपेरणी नौकेने निसटण्याचा प्रयत्न केला, पण यामाकाझे विनाशिका आणि एका गस्तनौकेने तिला गाठून बुडवले. १२ तारखेच्या सकाळी डच सेनापती लेफ्टनंट कर्नल डी वाल याने शरणागती पत्करली. अडचण अशी होती की बेटाच्या दक्षिणेकडील कारुंगान येथील तोफखान्याशी संपर्क तुटलेला होता आणि त्यांना शरणागतीची बातमीच पोहोचली नव्हती. डचांनी जपानी लष्कराला याची सूचना दिली होती. तरीही आरमाराने खाडीचे तोंड मोकळे करण्यासाठी माइनस्वीपर आत धाडल्या.

तांडेल यांनी वर जे सांगितले आहे, की दोर पाण्यात असताना नौकेला सरळ आणि संथच जावे लागते, ते येथे प्रत्यक्ष दिसते. त्या तोफांच्या टप्प्यात आल्या तेव्हा त्यांना धड वळताही येत नव्हते. कारुंगानच्या तोफखान्याने डब्ल्यू-१३ आणि डब्ल्यू-१४ या दोन्ही नौका बुडवल्या आणि दीडशेहून अधिक जपानी खलाशी मेले.

पुढे त्या तोफखान्यावरील दोनशेहून अधिक डच सैनिक युद्धकैदी झाले. जपान्यांनी त्यांना समुद्रात नेऊन, ज्या ठिकाणी त्या दोन नौका बुडाल्या होत्या त्याच पाण्यात, बुडवून मारले.

विशाखा

होकायंत्र, ताराकानची माहिती अंगावर काटा आणणारी आहे. अंबोनलाही असेच झाले होते ना? लाहा विमानतळावरील हत्याकांड हे डब्ल्यू-९ बुडाल्याचा सूड होता, असे सर्रास सांगितले जाते.

होकायंत्र

सांगितले जाते खरे, आणि त्यात तथ्यही आहे, परंतु ते पूर्ण उत्तर नाही असे माझे मत आहे. लाहा विमानतळ पडल्यानंतरच्या सुमारे पंधरवड्यात तीनशेहून अधिक ऑस्ट्रेलियन आणि डच कैद्यांना ठार करून खड्ड्यांत पुरण्यात आले, आणि या हत्यांमध्ये डब्ल्यू-९ वरून वाचलेल्या खलाशांनी भाग घेतला होता, हे युद्धोत्तर चौकशीत पुढे आले. मात्र लढाई चालू असतानाच कैद्यांच्या एका छोट्या गटाला मारण्यात आले होते आणि त्यामागे सांगितलेले कारण होते ते हालचालीत अडचण नको, एवढेच. सुडाची भावना ज्यांच्या मनात होती ते खलाशी होते. मात्र आदेश देणारे अधिकारी होते. सगळे डब्ल्यू-९ च्या माथी मारले की आदेशाची जबाबदारी पुसट होते. तेथील अधिकारी हाताकेयामा कुनितो याला युद्धगुन्ह्यासाठी फाशी झाली ती आदेश दिल्याबद्दल.

तांडेल

होकायंत्र यांच्याशी सहमत आहे, पण एक गोष्ट जोडावीशी वाटते. अंबोन आणि ताराकान ही दोन्ही हत्याकांडे तीन आठवड्यांच्या अंतराने घडली, दोन्ही ठिकाणी आरमाराचाच संबंध होता आणि दोन्ही ठिकाणी सुरुवातीला माइनस्वीपर बुडाली होती. मोठ्या क्रूझरच्या नुकसानीचा सूड असा कैद्यांवर उगवला गेल्याची उदाहरणे या मोहिमेत मला दिसत नाहीत. माझा तर्क असा की किनाऱ्याच्या इतक्या जवळ बुडालेल्या नौकेचे वाचलेले खलाशी थेट किनाऱ्यावर येतात, आणि ज्यांनी आपली नौका बुडवली त्यांच्यासमोर ते शस्त्रांसह उभे राहतात. खोल समुद्रात बुडालेल्या जहाजाच्या बाबतीत तशी वेळच येत नाही. हा तर्क आहे, यापेक्षा अधिक दावा नाही.

अवांतर वाचक

पोर्ट ब्लेअरचा उल्लेख वाचून चकित झालो. अंदमान म्हटले की आपल्याकडे सेल्युलर जेल आणि सावरकर, फार तर डिसेंबर १९४३ मधील नेताजींची भेट, एवढ्यावरच सगळे थांबते. १९४४ मध्ये तेथे ब्रिटिश पाणबुड्या कशासाठी फिरत होत्या?

तांडेल

जपानने २३ मार्च १९४२ रोजी अंदमान ताब्यात घेतले, ते जवळजवळ विनासायास. पण बेटे ताब्यात घेणे वेगळे आणि त्यांना खाऊ घालणे वेगळे. तेथील फौजेसाठी लागणारे बरेचसे सामान समुद्रमार्गे, पेनांग आणि सिंगापूरच्या बाजूने येत असे. ब्रिटिश पाणबुड्यांचा तळ श्रीलंकेतील त्रिंकोमालीला होता आणि १९४४ च्या सुरुवातीपासून तेथील पाणबुड्यांची संख्या वाढू लागली. मलाक्काची सामुद्रधुनी आणि अंदमानचे मार्ग हे त्यांचे नेहमीचे शिकारक्षेत्र झाले. स्टॉर्म त्यांपैकीच एक. या भागात जपानकडे विनाशिका फारशा उरल्याच नव्हत्या, म्हणून डब्ल्यू-७ सारख्या नौकेवर संरक्षणाचे काम येऊन पडले. नोव्हेंबर १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत जुन्या वर्गातली डब्ल्यू-५ हीसुद्धा टेरापिन या ब्रिटिश पाणबुडीने बुडवली.

या कोंडीची किंमत कोणी मोजली, तेही सांगायला हवे. पुरवठा आटत गेला तशी बेटावर उपासमार वाढली. ऑगस्ट १९४५ मध्ये, शरणागतीच्या उंबरठ्यावर, जपान्यांनी शेकडो स्थानिक लोकांना शेती करायला नेतो म्हणून बोटींत घालून निर्जन हॅवलॉक बेटाकडे नेले आणि किनाऱ्यापासून दूर पाण्यात ढकलले. अनेक जण बुडाले, आणि जे किनाऱ्याला लागले त्यांपैकी बहुतेक जण उपासमारीने मेले. बुडालेल्या डब्ल्यू-७ चा आणि या घटनेचा थेट संबंध जोडणे अतिरेकाचे होईल. पण दोन्ही गोष्टी एकाच नाकेबंदीच्या आहेत.

किनारपट्टी

तुलनेसाठी एक उदाहरण देते. आपल्या रॉयल इंडियन नेव्हीतही त्याच सुमाराच्या आकाराच्या माइनस्वीपर नौका होत्या. ऑस्ट्रेलियात बांधलेली बेंगाल ही त्यांतली सर्वांत गाजलेली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ओन्दिना या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत असताना तिच्यासमोर होकोकू मारू आणि आइकोकू मारू ही दोन सशस्त्र जपानी जहाजे आली. प्रत्येक जहाज दहा हजार टनांच्या घरातले आणि मोठ्या तोफांनी सज्ज. बेंगालकडे एकच लहान तोफ. तरीही ती ओन्दिनाला निसटायला वेळ मिळावा म्हणून सरळ शत्रूच्या दिशेने गेली. झालेल्या चकमकीत होकोकू मारू स्फोट होऊन बुडाले आणि बेंगाल व ओन्दिना दोघीही वाचल्या.

सांगायचे एवढेच, की माइनस्वीपर नौकेला संरक्षणाच्या कामाला जुंपणे हा फक्त जपानचा प्रकार नव्हता. म्हणून तांडेल यांच्या मांडणीतील "स्वस्तातली विनाशिका" हा भाग मला थोडा जपान-केंद्रित वाटतो.

तांडेल

किनारपट्टीताई, मुद्दा मान्य आहे. पण फरकही आहे. बेंगालसारख्या नौका बहुउद्देशीय म्हणूनच आखल्या होत्या आणि दोस्तराष्ट्रांकडे संरक्षणासाठी फ्रिगेट, कॉर्व्हेट यांचा ओघ सतत वाढत गेला. जपानने ताफ्यांच्या संरक्षणाचा विचार उशिरा आणि अर्धवट केला, त्यामुळे सुरुंग काढण्यासाठी असलेल्या नौका त्या कामातून ओढून घ्याव्या लागल्या. डब्ल्यू-१२ चे शेवटचे काम पाहा. एप्रिल १९४५ मध्ये इसुझू ही हलकी क्रूझर तिमोरमधील कुपांगहून सैनिक हलवत होती आणि तिच्या सोबतीला डब्ल्यू-१२, डब्ल्यू-३४ आणि किजी ही टॉर्पेडो बोट होती. बेसूगोचे इसुझूवर सोडलेले पाणतीर चुकले, पण डब्ल्यू-१२ सापडली. दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, गॅबिलान आणि चार या अमेरिकी पाणबुड्यांनी इसुझूही बुडवली. मे महिन्यात जावा समुद्रात डब्ल्यू-३४ चब या पाणबुडीला बळी पडली.

पुढच्या डब्ल्यू-१९ वर्गाच्या १७ नौकांची गतही तशीच झाली. डब्ल्यू-२६ नोव्हेंबर १९४३ मध्ये रबाउलच्या बंदरात हवाई हल्ल्यात गेली. डब्ल्यू-३० ही ११ नोव्हेंबर १९४४ रोजी ऑर्मोकच्या उपसागरात शिमाकाझेसह चार विनाशिकांबरोबर विमानांनी बुडवली. डब्ल्यू-२८ जॅकने, डब्ल्यू-३८ अतुलेने, डब्ल्यू-२० ट्रेपँगने आणि डब्ल्यू-३९ थ्रेडफिनने अशा एकेक करून पाणबुड्यांनी टिपल्या.

कोयनाकाठ

मग १९४५ मध्ये अमेरिकेने बी-२९ विमानांतून जपानच्या बंदरांत सुरुंग टाकले, तेव्हा ते काढायला कोण होते?

तांडेल

मार्च १९४५ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या मोहिमेत १२ हजारांहून अधिक सुरुंग शिमोनोसेकीची सामुद्रधुनी आणि अंतर्गत समुद्रातील बंदरांत टाकले गेले. डब्ल्यू-७ वर्गातील सगळ्या नौका तोवर शिल्लक असत्या तरी फारसा उपयोग झाला नसता. ते सुरुंग तळाशी पडून राहणारे, चुंबकीय, ध्वनीवर किंवा पाण्याच्या दाबावर चालणारे होते. त्यांना तारच नव्हती, तर दोराने कापणार काय? उलट पोलादी सांगाड्याची नौका चुंबकीय सुरुंगाला स्वतःच चाळवते. म्हणून लाकडी बोटींवर भर द्यावा लागला.

युद्धानंतर जपानी खलाशांनीच हे काम दोस्तराष्ट्रांच्या आदेशाखाली पुढे चालू ठेवले आणि ते अनेक वर्षे चालले. १९५० मध्ये कोरियन युद्धात अमेरिकेच्या मागणीवरून जपानी माइनस्वीपर गुपचूप वोनसानला पाठवल्या गेल्या. १७ ऑक्टोबर रोजी त्यांपैकी एक, एमएस-१४, सुरुंगावर जाऊन बुडाली आणि तिच्यावरील एक जपानी खलाशी ठार झाला. ही बातमी बराच काळ सार्वजनिक होऊ दिली गेली नाही. त्यावर कोणी सविस्तर लिहिणार असेल तर वेगळा धागा काढावा, मी नक्की वाचेन.